उणे एक पूर्णांक दोन

इन्व्हरकार्गिलचा मे महिना
खिडकीच्या फटीतून आत येतो, हुहानाच्या बाहीत शिरतो.
पेटीवरचा आकडा मात्र हलत नाही.
एकवीस. हिरवा, शहाण्या मुलासारखा.

आत तुआताराची अकरा अंडी,
ओलसर भुशात अर्धी पुरलेली.
बावीसच्या वर गेलं की मुलगे, खाली राहिलं की मुली,
आणि बेटावर मुलगे आधीच फार.

आज का कोण जाणे, तिनं
बर्फाचा चुरा केला, कपात थोडं पाणी ओतलं,
पेटीतली तार काढून त्यात बुडवली.
चहा निवला.
शून्य यायला हवं होतं.
आलं, उणे एक पूर्णांक दोन.

म्हणजे नोव्हेंबरपासूनचा एकवीस
एकवीस नव्हताच.
वहीभर तिचंच अक्षर,
सकाळ-संध्याकाळ, एक खाडा नाही,
एक खाडाखोड नाही.

तिनं पेन उचललं. ठेवलं.
झाकणावरची वाफ तळव्यानं पुसली तर
चौथ्या अंड्याला चीर,
चिरेत नाकाचं इवलं टोक.

"हाएरे माई," ती म्हणाली. ये.
तिच्या भाषेत या शब्दाला
रे लागत नाही,
गं लागत नाही.