निरीक्षणाचा रकाना

मे महिना. पंखे बंद,
कारण पंखा लावला की स्पिरिटचा दिवा विझतो
आणि दिवा लावला की माणसं.
साखर पेठेतल्या शाळेची प्रयोगशाळा,
नववी-दहावीला विज्ञान शिकवणारे अडतीस जण,
डब्यात कडक भाकरी, शेंगाचटणी.
सह्या झाल्या. बॅनरखाली फोटो झाला.
भिंतीपलीकडे माग चालू होते, त्यांच्या खटखटीवर
आमचं बोलणं एक पट्टी वर.

मी साधनव्यक्ती. शब्द शासनाचा आहे.
वीस वर्षांत त्यातलं साधन झिजलं,
व्यक्तीची चौकशी क्वचित झाली.

प्रयोग तिसरा: दर्शकाची ओळख.
लिंबाचा रस, चुन्याची निवळी, साधं पाणी.
प्रत्येकात फिनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंब.
मी म्हणाले, करा आणि लिहा.
वीस मिनिटांत अडतीस कागद जमा.
रस: रंगहीन. निवळी: गुलाबी.
पाणी: रंगहीन, उदासीन.
अडतीसच्या अडतीस. अक्षर वेगळं, वाक्य एकच.

मी खूश होऊन टेबलाकडे वळले
आणि स्टँडमधली पाण्याची नळी पाहिली.
गुलाबी.
फिकट, धुऊन धुऊन विटलेल्या टॉवेलसारखी,
पण गुलाबीच.
शेजारची तीच. त्याच्या शेजारची तीच.

कुणी काही बोलेना.
मग अक्कलकोटच्या रेश्मा मुल्ला, नोकरीचं पहिलंच वर्ष,
खाली बघत म्हणाल्या,
मॅडम, मला वाटलं नळी नीट धुतली नाही.
म्हणून पुस्तकातलं लिहिलं.

दाराशी मल्लव्वा कपबशा गोळा करत होती.
ती म्हणाली, पाणी मी उकळलंय,
बाहेरगावची माणसं, कुणाला बाधू नये म्हणून.
चार दिवसांआड येतं नळाला, टाकीतलं कसं देणार?

तेव्हा मागच्या बाकावरून वेणुगोपाळ येमूल उठले,
अकरा वर्षं नोकरी, तीन दिवसांत एक शब्द नाही.
बोलता बोलता हात पुसत होते, हात कोरडेच होते.
म्हणाले, आपलं पाणी जड आहे.
उकळलं की वायू जातो, क्षार मागे राहतो,
पाणी चुन्याच्या बाजूला सरकतं.
भावाच्या डाईंगमध्ये आधी पाणी मऊ करून घेतात,
नाहीतर लाल रंग डागाळतो, गिऱ्हाईक गठ्ठा परत पाठवतं.
लहानपणी मी जिभेवर घेऊन सांगायचो, झालं का नाही.

हे वर्गात सांगता?
नाही.
का?
येमूल हसले. अभ्यासक्रमात नाही.

मला मंगळवेढ्याची एक मुलगी आठवली.
नाव विसरले, वेणीची रिबीन आठवते.
तिने विचारलं होतं, बाई, पाणी उदास का असतं?
वर्ग हसला. मीही हसले,
आणि फळ्यावर 'उदासीन'खाली दोन रेघा मारल्या.
नळी तिच्या हातातच होती.
ती मी पाहिली नव्हती.

मग दुपारभर आम्ही तेच केलं.
बोअरचं पाणी, टँकरचं पाणी,
बॅटरीच्या दुकानातून आणलेली बाटली,
मल्लव्वाच्या पातेल्याच्या तळाची पांढरी खरवड
लिंबू पिळताच फसफसली,
तेव्हा पन्नाशीचे बिराजदार सर टेबलावर चढायचेच बाकी होते.
लाईट गेली. माग थांबले.
त्या शांततेत फसफस स्पष्ट ऐकू आली.

जाताना दारात बिराजदारांनीच विचारलं,
सगळं खरं मॅडम,
पण बोर्डाच्या पेपरात पोरांनी काय लिहायचं?

मी म्हणाले, रंगहीन.
म्हणाले, आणि वहीत जे दिसलं ते.
म्हणाले, बघू.

ते मान हलवून गाडीकडे गेले.
किक मारली, लागली नाही, पुन्हा मारली.
मी अजून दारातच होते,
वाक्य जुळवत.