अठ्ठावन्न रेघा

लग्नसराईच्या तोंडावर दस्तगीरमामांनी
कोल्हापूरच्या कुठल्याशा दुकानातून एकच आणला,
चीनचा म्हणे,
लाल, फुलाफुलांचा, खाली रेशमी गोंडा,
आणि कात्री माझ्या हातात देत म्हणाले,
उसव. पण असा, की परत जोडता आला पाहिजे.

उसवणं मला येतं.
माझ्या लग्नातल्या शालूची मी
दोन पोरींना परकर-पोलकी केलीत.
पण हा कागद होता, आणि कागदाला
एकदा पडलेली घडी विसरता येत नाही.

मिरजेत गोलाची कुणाला नवलाई?
शेजारच्या बोळात भोपळे वाळत पडलेत,
सतारीचे, तंबोऱ्याचे,
टिचकी मारली की सांगतात आपण किती पोकळ झालो ते.
त्यांना गोल व्हायला वेल पुरतो.
आम्हाला लागणार होती
चिंचोक्याची खळ, कसर लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद,
पाकळीला बाक द्यायला छत्रीची काडी,
आणि रत्नाबाई मगदूम, जिची बोटं
तीस वर्षं हळकुंडं निवडून
आता रिकामी बसायला तयार नाहीत.

पाच पाकळ्यांचं फूल.
बारा फुलांचा गोळा.
प्रत्येकाला पाच शेजारी,
आणि वरचं-खालचं असं कुणीच नाही;
जिथं दोरा ओवाल ते वर.

शेवटचं फूल निघालं तेव्हा
आत चुरगळलेला एक कागद.
मामांनी तो मांडीवर सपाट केला.
छापील चिनी अक्षरं, मुंग्यांची पंगत बसावी तशी,
आणि मोकळ्या कडेला पेन्सिलनं
एकच अक्षर, पुन्हा पुन्हा.
मामा म्हणाले, मंतर असंल.

मी मोजलं.
पाच रेघांचं एक.
अकरा पुरी झालेली.
बारावं तीन रेघांवर थांबलेलं.

मंतर नाही हो मामा, हिशेब आहे हा.
आपल्या भिंतीवर बघा, चार उभ्या, एक आडवी.
नगावर पैसे घेणाऱ्या बाईला
आणखी कुठलं अक्षर लागतं?

मामा काही बोलले नाहीत.
कागद घडी करून त्यांनी टोपीत ठेवला.

आठवड्यात आमचे चाळीस झाले.
पहिले तीन वांग्यासारखे.
पोटात आम्ही रद्दी कोंबली:
हळदीचे भाव, बेदाण्याचा सौदा,
हरवलेल्या म्हशीची जाहिरात.
एकात, मामांचं लक्ष नसताना,
मी माझ्या रेघांची चिठ्ठी सारली.
कुपवाडच्या कार्यालयात तो आता
वऱ्हाडाच्या डोक्यावर, पंख्याच्या वाऱ्यानं
स्वतःभोवती फिरत असेल.

रात्री बशीत चहा ओतताना
रत्नाबाईला विचारलं,
साठ पाकळ्या आणि अठ्ठावन्न रेघा.
दोन कुठं गेल्या असतील?

हळदीच्या पिवळ्यावर लाल चढलेली बोटं
तिनं पदराला पुसली.
लाइट गेली असंल, म्हणाली.