डोया पुसनारा

सात खांब आहेत माह्याकडे,
वडगाव फाट्यापासून तं पारडीच्या पुलापर्यंत.
खांबामांगं साठ रुपये.
शिडी कंपनीची, फडकं माहं.

हप्त्यातून दोनदा डोया पुसा लागते.
दिवाईनंतर तिसऱ्यांदाही,
जिनिंगातून कापसाची तूस उडते ना,
ते थेट काचेवर जाऊन बसते,
मंग बत्तीसचं तेहतीस दिसते त्याले
अन् इकडल्या बुलेटचं चालान
तिकडे गडचिरोलीच्या एखांद्या मास्तरच्या मोबाईलवर पडते.
म्हनून वासेकर साहेबानं सांगतलं,
शालिक, काच म्हंजे काच पायजे.

दुसऱ्या खांबावर कोतवाल बसते.
पक्षी. काया कुईट, शेपटीले दोन फाटे.
ह्या रस्त्यावरचा हा एकटाच कोतवाल
ज्याले काही द्या लागत नाही.

भोयर डॉक्टरची गाडी खांबापाशी म्हातारीवानी चालते,
पूल सरला का पुन्हा मोकाट.
दूधवाल्या पोट्ट्याइनं तं रस्ताच सोडला.
ठमकेबाईच्या पऱ्हाटीतून नवी पांदन पडली,
तिनं बाभयीचे काटे टाकले,
पोट्ट्याइनं ते बाजूले सारले.
आता तिथं गवतही उगवत नाही.

उनायात पंजाब लोनारेले चालान आलं.
टिपल सीट. हजार रुपये.
सेतूतल्या पोरीनं फोटो काढून देल्ला:
समोर पंजाब, मांगं बेबी,
मधात रेणुका, दहावीचा निकाल घेऊन येत होते तिघं.
पोट्टी हासून राह्यली.
बेबीचा पदर उडून राह्यला.
अन् पंजाब, ज्याचे दात मी लग्नातही पाह्यले नाही,
तो पंजाब
दात काढून.

पयले त्यानं मलेच शिव्या देल्ल्या.
तू कायले पुसतं बे तो डोया?
राहू दे ना आंधया!
मंग पोट्टी वरोऱ्याले शिकाले गेली.
परवा त्याच्या घरी गेलतो,
तं चालान लॅमिनेशन करून घड्याईखाली टांगलेलं.
तारीख, कलम, सारं तसंच.
तिघं एका फोटोत असन असा दुसरा फोटो नाही त्याहिच्या घरी.
फक्त दंडाच्या आकड्यावर
बेबीनं आपली टिकली चिकटवली.

माही सायकल.
तिले नंबर नाही.
तीन वर्सं झाले,
त्याच्या डोयाच्या इतक्या जवळ कोनी गेलं नसन,
वीतभर.
साहेबाले इचारलं एक डाव,
नागपूरच्या त्या रूमात माहं तोंड दिसते का हो?
तो म्हने, शालिक,
सिस्टम पाटी शोधते, मानूस नाही.
पाटी नसन
तं काहीच झालं नाही, असं धरते.

भादव्यात, रात्री साडेदहाच्या सुमारास,
रेतीच्या टिप्परनं मले चौथ्या खांबाखाली उडवलं.
म्हंजे उडवलं नाही, दाबत दाबत नेलं,
नालीत.
चाकाचा आठ झाला, मनगट सुजलं.
चिखलातून वर पाह्यलं तं
लाल दिवा जागा होता.
मीच सकायी पुसलेला, लखलखीत.
टिप्परच्या पाटीवर ग्रीस फासलं होतं,
बोटानं, नीट, पोथीले गंध लावल्यासारखं.

मी काच पुसतो.
त्याहिची पाटी कोन पुसन?
हे मी साहेबाले इचारलं नाही.
साठ गुनिले सात, हिशेब घेतला,
अन् चाक सरय करून आनलं.

मंगयवारी पुन्हा शिडी लावली.
कोतवाल उडला, तारेवर जाऊन बसला,
शिव्या देत राह्यला.
फडकं एक डाव सुलट फिरवलं, एक डाव उलट.
थुका लावू नको म्हनतात, पन थोडासा लावा लागते.
तूस निंगाली.
काचेच्या आत, पार खाली,
एक मानूस शिडीवर दिसला,
बोराएवढा,
बिना हेल्मेटचा.