कासुम्बालेसाच्या रांगेत

सात किलोमीटर ट्रक उभे आहेत.
तांब्याचे पत्रे, सिमेंट, कुणाच्या तरी लग्नातला फ्रीज,
आणि चार दिवसांपूर्वीचे टोमॅटो, आता नुसता वास.

मी पीठ हाटते.
म्वाक्यूसा म्हणतो उगाली, टेंडेकाई म्हणतो साद्झा,
न्गोय बुकारी मागतो, पैसे उद्या.
मी नशिमा म्हणते, कारण पातेलं माझं.
बुडाला लागलं की मात्र
सगळ्यांची नाकं एकदमच वाकडी होतात.

काबासो कंदिलापाशी फॉर्म घेऊन बसलाय.
शिष्यवृत्ती, कुठल्याशा बर्फाच्या देशाची.
एक चौकट उरलीय: आपण स्वतःला काय म्हणवता?
"आई, आफ्रिकन लिहू?"

मला काय विचारतोस.
माझी आई मला बेम्बातून शिव्या द्यायची,
तुझा बाप लुंडा, खाणीवरची बोली तिसरीच,
आणि त्या शब्दाने मला आजवर
कुणी जेवायला हाक मारलेली नाही.

"लिही की," म्वाक्यूसा म्हणतो,
"माझा बाप रेडिओ लावून, उभा राहून म्हणायचा हा शब्द."
"नको," टेंडेकाई म्हणतो,
"ट्रकचा टायर काडेपेटीत घालशील का?"

वारसामे इतका वेळ गप्प.
जन्म मोगादिशूचा, दुकान होतं डर्बनला.
मग बोटं चाटायची थांबवून, हळूच:
"दुकान पेटवलं त्या रात्री पोरं ओरडत होती,
परत जा आफ्रिकेत.
मी विचारणार होतो, बाबांनो, मग हे कुठलं?
पण धूर फार होता."

कुणी हललं नाही.
आधी न्गोय फुटला, मग सगळेच,
वारसामेसुद्धा, डोळे पुसत, ठसका लागेपर्यंत.
हसू थांबल्यावर कुणी कुणाकडे बघेना.

माझ्या उधारीच्या वहीत देशाचा रकाना नाही.
निळा ट्रक, फुटका आरसा: तीन ताटं.
न्गोय: देव जाणे.
तीच वही पोराने फॉर्मखाली घेतलेली.

"इथे लिहायचं?" वारसामेने बोट टेकवलं,
आणि सुकटीचं तेल नेमकं चौकटीत.
कागद तेवढ्यापुरता काचेसारखा झाला.
खालून माझंच वेडंवाकडं अक्षर वर आलं:
निळा ट्रक, फुटका आरसा.

"आता घेतील का हा फॉर्म?"

पुढे कुठेतरी इंजिन खाकरलं.
ताटं टाकून सगळे धावले.
मी म्हटलं, आधी पातेलं खरवड,
मग बघू.