तिसऱ्यांदा विचारलेलं हवामान

शाळेच्या जिममध्ये, बास्केटबॉलच्या कड्याखाली
घडीच्या खुर्च्या मांडून सभा भरली.
अँकरेजहून आलेल्या माणसाचे बूट अजून कोरडे होते.
त्यानं भिंतीवर तक्ता दाखवला:
एका विमानाशी एकदा बोलण्याचा खर्च,
डॉलरात, सेंटांपर्यंत.

ते बोलणं माझं.
एकवीस वर्षं रात्रपाळीला
नदीकाठच्या खोलीत कानाला हेडफोन लावून
वारा, ढगांचा तळ, किती मैलांवरचं दिसतंय
एवढंच सांगत आले मी,
चाकांच्या जागी स्की लावलेल्या एकइंजिनी विमानांना.
आज कळलं, मी केवढ्याला पडते.

माणूस वाईट नव्हता. म्हणाला,
ओहायोत एक बाई शाळेची बस चालवते.
तुमच्या खिंडीतलं धुकं तिनं का विकत घ्यावं?
जो उडेल तो भरेल.
कंपनी हेच काम निम्म्यात करून देईल.
मला ती बाई दिसलीच,
पहाटे बसच्या काचेवरचं दंव खरवडताना.
तिला सांगण्यासारखं माझ्यापाशी काही नव्हतं.

मग वासिली उठला.
वासिली टपाल नेतो, इन्सुलिन नेतो,
एकदा चर्चची घंटा नेली, मागच्या सीटला पट्ट्यानं आवळून.
"डार्लीन, नोव्हेंबरात त्या दिवशी मी तुला किती वेळा विचारलं?"
तीनदा.
निघताना, नदीच्या वळणावर, आणि खिंडीच्या तोंडाशी.
"तिसऱ्यांदा तू काय म्हणालीस?"
जे म्हणायची मला परवानगी नाही, ते:
मी असते तर मागे फिरले असते.
"प्रत्येक प्रश्नाला मीटर पडत असतं
तर मी दोनवर थांबलो असतो.
मी ओळखतो ना मला."

टाळ्या. खुर्च्यांची कुरकुर.
पाहुण्यानं वहीत काहीतरी टिपलं.

इथं संपली असती सभा, तर बरं होतं.
पण मागच्या रांगेत नास्तास्या होती,
मांडीवर अर्धा विणलेला हातमोजा.
तिच्या एव्हननं कधीच विचारलं नाही.
फुकट होतं, तरी नाही.
पाणपोईवरून तहानलेला माणूस
तोऱ्यात पुढे निघून जातो, तसा.
त्या रात्रीची टेप मीच तपासाला दिली होती:
चार तासांची खरखर,
दोनदा माझा खोकला,
एव्हन कुठंच नाही.

सगळ्यांना ते ठाऊक होतं. कुणी बोललं नाही.
तीच बोलली, सुई न थांबवता, त्या माणसाला:
"कुणीच विचारत नाही त्या रात्री
ही जागी असते.
त्याचं बिल कुणाला पाठवणार?"

त्यानं तक्त्याकडे पाहिलं,
मग तिच्याकडे.
म्हणाला, बघून सांगतो.
खरंच सांगेल, असं वाटलं मला त्या क्षणी.
पण सही दुसराच कुणी करतो.

रात्री दोनला वारा पश्चिमेचा, चौदा नॉट.
केटलीत उरलेला चहा कडू झालाय.
रेडिओवर वासिली, धावपट्टीवरूनच, इंजिन बंद:
"आहेस ना?"
आहे.
"बरं. हा प्रश्न मोजू नकोस."

मी नोंदवहीत वेळ लिहिली, त्याचं नाव लिहिलं,
आणि काय विचारलं त्या रकान्यात
पेन बराच वेळ तसंच टेकवून बसले.