पंच आधी

पंचवीस म्हटलं की तिरुपती ५२ लिहितो.
तीन वह्या लाल फुल्यांनी भरल्या.
परवा माझंच बोलणं मला ऐकू आलं:
पंच आधी, वीस मागून.
पोरगं ऐकलं तसंच मांडत होतं.

विडी घरकुलात, त्याच्या उंबऱ्यावर बसतो आम्ही.
टर्किश टॉवेलच्या लवेवर बोट फिरवत
‘घ’ शिकलो. घराचा घ, पत्रा अख्खा.
‘ध’चा अर्धा पत्रा वाऱ्यानं नेला.
हसला तो.
वाचताना मात्र धड्याचा घडा होतोच अजून.

त्याची आई नरसम्मा सुपातल्या विड्या मोजत होती.
बंडलाला दोरा गुंडाळताना पुटपुटली,
‘इरवै ऐदु.’
वीस. पाच.

तिरुपतीनं मान वर केली,
माझ्या हातातला खडू ओढला,
फरशीवर लिहिलं २५
आणि असा रागानं पाहिला माझ्याकडं,
जणू इतके दिवस
मीच उलटं सांगत होते.

सांगतच होते की.

उद्या चाचणी. मराठीतून.
त्याला म्हटलंय, बाईंनी आकडा सांगितला
की घाई नको करू,
आधी आईच्या तोंडून ऐक,
मग लिही.