लांबी

दिवाळीची सुट्टी संपली की
कलादालनाची किल्ली माझ्या करगोट्याला येते
आणि परीक्षांचं वेळापत्रक लागेपर्यंत तिथंच राहते.
सोमवारी उतरवणे, मंगळवारी लांबी,
बुधवारी रंग,
गुरुवारी पुन्हा खिळे.

रंगाऱ्यांच्या बोलीत लांबी म्हणजे
भोकात भरायचा पांढरा लगदा.
मराठी विभागातल्या एका बाईंना हे सांगितलं
तर त्यांनी वहीत लिहून घेतलं.
एकोणीस हंगाम भरतोय.
रंगाचे इतके हात बसलेत भिंतीवर
की दिव्याचं बटण आता आत गेलंय,
बोट घालून शोधावं लागतं.

ओळंबा माझ्या वडिलांचा, ते दापोडीला गवंडी होते.
पाणसळ विद्यापीठाची,
सामानाच्या वहीत क्रमांक एकशे बारा.
चित्राचा मध्य जमिनीपासून अठ्ठावन्न इंच,
हे मला पहिल्याच दिवशी सांगितलं.
कुणाच्या डोळ्यांवरून काढलं, ते नाही सांगितलं.

यंदा आधी आली छायाचित्रणाची मुलं.
सगळ्यांनी नदीवरचा एकच पूल काढलेला,
प्रत्येकाला वाटत होतं, आपल्यालाच सापडला.
मग तांबट आळीतले चौघे.
त्यांनी घंगाळ ठोकून दाखवलं,
ग्रंथालयातून शांततेची चिठ्ठी आली.
मग एका मुलीनं रिकामी खोलीच मांडली.
तीन दिवस मी राखण केली तिथं.
कशाची, ते विचारायचं राहून गेलं.

जानेवारीत बोपोडीच्या कचरा वेचणाऱ्या बायका.
बारा जणी, बारा गोधड्या.
साड्यांचे काठ, छत्रीचं कापड,
कुठल्याशा शाळेच्या गणवेशाचा खिसा,
शिवताना तसाच ठेवलेला, उघडा.
मी सवयीनं टांगल्या,
पाणसळीतला बुडबुडा मधोमध आणला.
हौसाबाई केंदळे आल्या, मान वर केली, म्हणाल्या,
"दादा, वाळत घातल्यात का?"

आम्ही दोघंही हसलो.
मग त्या भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या.
पाठ टेकेना.
खाली बघत बघत वाकलेली पाठ ती,
टेकले ते फक्त माकडहाड.
डोळ्यांपासून जमीन: शेहेचाळीस इंच.
टेप मी दोनदा धरला.

त्या रात्री सगळं उतरवलं.
बारा इंच खाली, चोवीस नवी भोकं.
बाहेर गणेशखिंडीच्या वाऱ्यात वडाची पानं सरकत होती,
पहारेकरी दोनदा विचारून गेला, झालं का.

उद्घाटनाला आलेली मोठी माणसं
कमरेत वाकून वाकून बघत गेली.
अभिप्रायाच्या वहीत कुणीतरी लिहिलं,
"मांडणी किंचित खाली वाटते."
त्याच्याखाली एक अंगठा, निळ्या शाईचा.
सहमत की काय, कळायला मार्ग नाही.

शिमग्याच्या आधी शेवटचं, अंतिम वर्षाचं.
वैजनाथ येलगट्टे, चार मोठी कोळशाची चित्रं,
हात कोपरापर्यंत काळे.
"काका, अठ्ठावन्नच ना?"
"बघायला कोण येणार?"
"परीक्षक. दोघं."
"मग अठ्ठावन्न."
मी हातोडा उचलला, तेवढ्यात तो म्हणाला,
"आई पण येतेय. उदगीरहून, रात्रीच्या गाडीनं.
इकडे पहिल्यांदाच."

"उंची किती त्यांची?"

त्याला सांगता येईना.
मग त्यानं तळहात आडवा धरला
स्वतःच्या छातीवर, खिशाच्या जरा वर,
शर्टावर काळा पट्टा उठला,
आणि हात तसाच, न हलवता,
पावला-पावलानं भिंतीपाशी गेला.

मी कानावरची पेन्सिल काढली.